दादाने बंद केलेला पंप

माझ्या थोरल्या भावाच्या मते पंपाचं काम एकच: पाणी खालून वर चढवायचं. टाकी भरली की पंपाचा जन्म सार्थकी लागला. मग त्याला बंद करायचं, आणि जो बंद करतो तो घरातला जबाबदार माणूस. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दादा पुण्यात आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. मोटररूमची किल्ली त्याच्याकडे असते. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास तो मोटर लावतो, आणि या दोन अर्ध्या तासांवर त्याने जी प्रतिष्ठा कमावली तेवढी त्याला उभ्या नोकरीत कमावता आली नाही. मोटर चालू असताना तो फोनसुद्धा घेत नाही. मी ओमानहून फोन केला की पलीकडून ऐकू यायचं, "नंतर बोल, मोटर लावलीय."

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. जबल अखदर या डोंगरावरच्या एका हॉटेलात देखभाल विभाग सांभाळते. गरम पाणी, गार पाणी, हवा, गॅस, गळकी छपरं, सगळं माझ्याकडे. ओमान म्हटलं की लोकांना वाळू आणि उंट एवढंच दिसतं, तेव्हा हिवाळ्यात आमच्याकडे घरं तापवावी लागतात हे सांगितलं की मस्कतमधली आमची मराठी मंडळीसुद्धा हसतात. त्यांचं बरोबर आहे. त्यांचा गरम पाण्याशी संबंध उलटा. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार पाण्याच्या नळातून चटके बसतात. मग ही मंडळी बाथरूममधला गीझर बंद करतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी आंघोळीला घेतात. लाल खुणेच्या नळातून गार आणि निळ्या खुणेच्या नळातून गरम. ओमानातल्या प्रत्येक घरात हेच चालतं, पण मंडळाच्या गणपतीत मला दरवर्षी कोणीतरी बाजूला घेऊन ही युक्ती अशी सांगतं की जणू आईन्स्टाईनचा पुतण्याच.

डोंगरावर मात्र डिसेंबर-जानेवारीत बाहेर ठेवलेल्या बादलीवर सकाळी बर्फाची साय धरते. आमची स्टाफची घरं दगडी, दुमजली, आणि सूर्य कड्यामागे गेला की भराभर गार पडणारी. म्हणून प्रत्येक घरामागे एक लहान खोली आहे, तिच्यात गॅसवर चालणारा बॉयलर. तो पाणी तापवतो. तापलेलं पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीत भिंतीला लावलेल्या चपट्या रेडिएटरमध्ये जातं, आपली ऊब खोलीला देतं आणि कोमट होऊन बॉयलरकडे परत येतं. पुन्हा तापतं, पुन्हा निघतं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. पण ते आपण होऊन फिरत नाही. त्याला फिरवायला बॉयलरशेजारी, नळीतच बसवलेला, नारळाएवढा पंप असतो. तो थांबला तर बॉयलर आपल्यापुरतं पाणी तापवतो, पुरे म्हणतो आणि विझतो. घरातले रेडिएटर थंड पडतात. उबदार राहते ती फक्त बॉयलरची खोली, आणि तिथे कोणी राहत नाही.

एवढं समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण माणूस दादा असेल तर मात्र ते समजत नाही.

झालं असं की त्या हिवाळ्यात वहिनी बंगळुरूला मुलीच्या बाळंतपणाला गेली. आईला पुण्यात दादाच्या भरवशावर ठेवायला ती तयार नव्हती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही नसते. तिनेच सुचवलं की आईला हिवाळाभर माझ्याकडे पाठवावं. मला तर हवंच होतं. माझा संसार मोडून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि या डोंगरावर माझ्याशी घरातल्या मराठीत बोलणारं कोणी नाही. मला आई हवी होती. हिवाळ्यापुरती नको होती, कायमची हवी होती, पण ते मी अजून कोणाला बोलले नव्हते. आईला आधी इथे करमू दे, तिच्या संधिवाताने आखडलेल्या बोटांना या उबेची सवय होऊ दे, मग ती आपणच म्हणेल, असा माझा हिशेब होता.

आईला पोचवायला दादा आला. पोचवून परत जायचं सोडून सुट्टीवर आल्यासारखा राहिला. परतीचं तिकीट त्याने पुढचं काढलं होतं. आईचं तिकीट खुलं ठेवलं होतं, कधीही घेता येईल असं.

मस्कतच्या विमानतळावरून मी त्यांना घेतलं. डोंगर चढायला फोर बाय फोर लागते. खाली चौकीवर पोलीस गाडी बघूनच वर सोडतात. एरवी लोक त्या वळणांवर जीव मुठीत धरतात. दादाने मात्र वर पोचेपर्यंत मला गाडी शिकवली. इथे गिअर बदल, तिथे हॉर्न दे, उतारावर क्लच दाबू नकोस. माझ्या गाडीला क्लच नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "तेच तर चुकतं या गाड्यांचं."

पहिल्या रात्री घर छान तापलेलं होतं. आईला मी तळमजल्यावरची खोली दिली होती, गुडघ्यांमुळे जिना नको म्हणून. सकाळी उठून स्वयंपाकघरात आली तीच मुळी हात समोर धरून. बोटं उघडत-मिटत म्हणाली, "अगं, बघ तरी. सकाळी सकाळी मुठी उघडल्या माझ्या. पुण्यात दहा वाजेपर्यंत कपसुद्धा धरवत नाही." मग चहा घेताना म्हणाली, "असं असेल तर इथेच राहीन म्हणते मी."

मला काय वाटलं ते सांगायला नको. मी फक्त, "राहा की," म्हणाले आणि उगाच ओटा पुसत बसले. दादा टोस्टला लोणी लावत होता. त्याने मान वर केली नाही, पण चाकू मधेच थांबला.

आईने राहावं म्हणून मी सगळी व्यवस्था लावली होती. साफसफाईला हॉटेलची माणसं येत. दुपारचं जेवण मेसमधून, तिथला केरळचा आचारी वरणभात बरा करतो. कपड्यांना यंत्र, भांड्यांना यंत्र. आईने सकाळी उन्हात बसावं, डाळिंबाच्या बागांचे उतार बघावेत, दुपारी झोपावं, संध्याकाळी माझ्याशी गप्पा माराव्यात. आयुष्यभर राबली होती. माझ्याकडे तिला इकडची काडी तिकडे करावी लागू नये असं मी ठरवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या रात्रीनंतर घर गार पडायला लागलं.

सकाळी उठले तर खोल्यांत गारठा. आई पांघरुणातून बाहेर यायला तयार नाही, मुठी मिटलेल्या. मी धावत मागच्या खोलीत गेले. बॉयलर पेटलेला, पंप चालू, सगळं जागच्या जागी. रेडिएटर मात्र जेमतेम कोमट. वाटलं, नळ्यांत हवा अडकली असेल. तसं होतं. रेडिएटरच्या वरच्या टोकाला हवा साठते आणि पाणी तिथवर पोचत नाही. मी किल्ली घेऊन घरभर फिरले, एकेका रेडिएटरची हवा सोडली. हवा नव्हतीच फारशी. संध्याकाळी कामावरून आले तर घर पुन्हा उबदार. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मी दाब तपासला, गाळणी काढून धुतली, हॉलमधल्या थर्मोस्टॅटचे सेल बदलले. पंपाचाच जोर कमी झाला असेल म्हणून मस्कतजवळ रुसैलला असलेल्या गोदामात फोन करून नवा पंप आहे का विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या. तो उद्या कॅलेंडरातला नसतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

अख्ख्या हॉटेलच्या खोल्या मी उबदार ठेवते आणि माझ्या घरात माझी आई कुडकुडते. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माझा आवाज चढतो. दादा मात्र खूश होता. माकडटोपी, मफलर, हातमोजे असा जामानिमा करून तो नाश्त्याला बसायचा आणि म्हणायचा, "डोंगरावरची थंडी म्हणतात ती हीच. यंत्रांना नाही जमायचं. आईला इथली हवा मानवायची नाही." मग आईकडे वळून, "माझ्याबरोबरच चल तू परत. उगाच दुखणं अंगावर काढू नकोस."

 आई हात शालीत घालून बसायची.

दादाला आई परत का हवी होती हे मला न सांगता कळत होतं. वहिनी बंगळुरूला. घरी चहा कोण करणार? या माणसाची साठी उलटली आहे, आणि तो आईला विचारतो, "माझा रुमाल कुठे?" त्याची बीपीची गोळी आई काढून देते. चष्मा आई शोधते. इथे पाहुणा म्हणून आला तरी मोजे कोणते घालू हे त्याने आईलाच विचारलं. ऐंशी पार केलेल्या बाईने आखडलेल्या बोटांनी त्याच्या मोज्यांची जोडी लावून दिली आणि त्याने ती पायांत चढवली, आभार म्हणून एक शब्द न बोलता. मी बघत होते. मला किळस आली.

शेवटी मी डोकं चालवलं. पंप सकाळी बघून काही कळत नव्हतं, तर घर सर्वांत गरम असायला हवं तेव्हाच बघू म्हटलं. जेवणं झाली. दादा नेहमीप्रमाणे शतपावली घालायला मागच्या दाराने बाहेर पडला. ताटं आवरून दोन मिनिटांत मीही टॉर्च घेऊन निघाले. बॉयलरच्या खोलीचं दार उघडं होतं. आत दिवा होता, आणि दिव्याखाली दादा उभा होता. पंपाच्या बटणावर बोट ठेवून.

"काय करतोयस?"

तो दचकला वगैरे नाही. वळला, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलतो त्या आवाजात म्हणाला, "बंद करतोय. सकाळपासून चालू आहे. किती वेळ चालवायचा? काही माणुसकी?"

"रोज बंद करतोस?"

"रोज. आणि सकाळी मीच लावतो, तू उठायच्या आधी. तुला मोटर लावल्याचं आणि बंद केल्याचं भानच नसतं. पहिल्या रात्री तर चालूच ठेवून झोपलीस. मी उठून ऐकलं, घरघर चालली होती. जळली असती म्हणजे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हा कावा होता का? आई गारठावी, घाबरावी आणि त्याच्याबरोबर परत जावी म्हणून केलेला? तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. लबाडीला निदान डोकं लागतं. पण त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. कर्तव्य होतं. तो खरोखर माझं घर वाचवत होता. त्याने स्वतःलाही गारठवलं होतं, वरच्या मजल्यावर माकडटोपी घालून झोपत होता, आणि त्याचाही त्याला अभिमान होता.

मी पंप लावला आणि त्याला दंडाला धरून घरात आणला. आई हॉलमध्ये बसली होती. तिच्यासमोरच मी त्याला समजावून सांगायला बसले. का सांगितलं कोण जाणे. उपयोग नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

म्हटलं, "दादा, तुझी सोसायटीची मोटर पाणी वर नेऊन टाकीत ओतते. तिथे पाण्याला पडायला जागा आहे. टाकी भरते, काम संपतं. इथे टाकी नाही. इथे नळ्यांची एक बंद माळ आहे, काठोकाठ पाण्याने भरलेली. भरायचं काही उरलेलंच नाही. हा पंप फक्त ते पाणी फिरवतो."

"पण वरच्या मजल्यावर चढवतो ना? एवढासा पंप? त्याच्यावर किती ताण येत असेल!"

"चढवत नाही. सायकलची चेन असते ना, तिची एक बाजू पुढे जाते तेवढीच दुसरी मागे येते. इथे जेवढं पाणी एका नळीने वर जातं तेवढंच दुसरीने खाली येतं. खाली येणाऱ्याचं वजन वर जाणाऱ्याला तोलून धरतं. पंपाला वजन उचलायचंच नाही. नळ्यांतून जाताना पाणी जे घासतं, तेवढी घासण भरून काढायची. म्हणून तो एवढासा आहे. एका दिव्याएवढी वीज खातो."

"दिवासुद्धा आपण रात्रभर चालू ठेवत नाही."

आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

"तो जळत नाही, दादा. त्याच्या आतूनच पाणी फिरतं, तेच त्याचं वंगण. चालू राहिला तर टिकतो. पडून राहिला तर जाम होतो. उन्हाळ्यात गरज नसतानाही मी तो मधूनमधून मुद्दाम चालवते. आणि तू रात्री तो बंद केलास म्हणजे इकडे बॉयलर आपल्यापुरता तापून गप्प बसतो आणि तिकडे आईच्या खोलीतला रेडिएटर दगड होतो. चार दिवस आई तुझ्यामुळे कुडकुडतेय. कळलं?"

दादाने मान डोलावली. मला वाटलं, शिरलं काहीतरी. मग तो म्हणाला, "थिअरी म्हणून ठीक आहे. पण तुमचा तो गॅसवालाही म्हणाला, मशीनला विश्रांती हवी."

गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

हा गॅसवाला म्हणजे श्रीवर्धनकडचा एक मुसलमान, खालून ट्रकने सिलिंडर घेऊन येतो. वर्षानुवर्षं येतोय, त्याला सगळं माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याला धरलंच. "तुम्ही साहेबांना सांगितलंत पंपाला विश्रांती हवी म्हणून?"

तो सिलिंडर गडगडवत म्हणाला, "ताई, साहेब वयानी मोठे. पाव्हणे. ते बोलले, मशीनला रेस्ट पायजे ना? मी बोललो, हां साहेब, बरोबर. मला यल्ला यल्ला, घाईघाईत अजून चार घरं करायची होती. त्यांच्याशी वाद घालत बसलो तर माझा दिवस खलास."

त्याला मी दोष देऊ शकले नाही. दादाशी बोलणारी सगळी माणसं शेवटी हेच करतात. वहिनीने संसार याच रीतीने केला. बँकेतल्या लोकांनीही हेच केलं असणार, म्हणून तर त्याला आपण बरोबर आहोत असं इतकी वर्षं वाटत आलंय.

मी बॉयलरच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

दादाला ते फार लागलं. "घरच्या माणसाविरुद्ध कुलूप!" असं तो दिवसभर हॉलमध्ये, जिन्यावर, अंगणात म्हणत फिरला. पुण्यात किल्ली त्याच्याकडे आणि कुलूप लोकांना. इथे उलटं झालं तर लगेच कुटुंबव्यवस्था धोक्यात आली. बंगळुरूला फोन करून त्याने वहिनीलाही सांगितलं. वहिनी मला नंतर म्हणाली, "बरं केलंत. मी लावायला पाहिजे होतं पहिल्याच वर्षी." पण हे ती त्याला बोलली नाही.

आईने मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. "कुलूप काढ गं. तो माणूस आहे. त्याला दिवसभर करायला काही नाही."

"करायला नाही म्हणून माझ्या घरात गारठा करायचा?"

"नाही करणार आता. सांगते मी त्याला."

"तू सांगून त्याने आजवर काय ऐकलंय?"

 मी कुलूप काढलं नाही.

घर पुन्हा तापलं. दिवसरात्र तापलेलं राहिलं. पहाटे उठून पाणी प्यायला आले तर फरशीसुद्धा गार लागत नव्हती. कान देऊन ऐकलं तरच नळ्यांतून पाणी जातंय असं वाटायचं. आईची बोटं दोन दिवसांत मोकळी झाली. तिने आपणहून कपाटातून माझा जुना कुर्ता काढला, सुईत दोरा ओवला आणि तुटलेलं बटण लावलं. सुईत दोरा ओवणं तिने सोडून दिल्याला काही वर्षं झाली होती. मला एवढा आनंद झाला की मी तो कुर्ता दुसऱ्या दिवशी हॉटेलात घालून गेले, जुना असून. मनात म्हटलं, जिंकलं. बटण लावून झाल्यावर तिने विचारलं होतं, "आणखी काही आहे का फाटकंतुटकं?" मी म्हटलं, "नाही गं, बस तू आरामात."

दादाचं जायचं दोन दिवसांवर आलं. त्याने सामानाची आवराआवर सुरू केली, म्हणजे सगळे कपडे पलंगावर टाकले आणि आईला हाक मारली. मी कामावरून आले तर आई जिना चढून वर गेलेली. ज्या गुडघ्यांसाठी मी तिला तळमजला दिला, ते गुडघे घेऊन. त्याच्या पलंगावर बसून ती शर्टांच्या घड्या घालत होती. तो खुर्चीत बसून मोबाइलवर बातम्या ऐकत होता.

मी दारातूनच ओरडले, "तुला हात नाहीत का रे?"

तो म्हणाला, "मला नाही जमत घड्या. तिला जमतात."

आईच्या बोटांना मी दिलेली ऊब त्याचे शर्ट घडी करण्यात खर्च होत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईच्या हातातला शर्ट ओढून घेतला, तिला हाताला धरून खाली आणलं, तिच्या खोलीत रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसवलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं आता विचारतेच. किती दिवस मनात ठेवायचं?

"आई, तू त्याच्याबरोबर जाऊ नकोस. वहिनी येईपर्यंत तरी राहा. खरं म्हणजे नंतरही राहा. कायमचीच राहा. मी व्हिसाचं बघते. मला तू हवी आहेस."

आईने माझा हात हातात घेतला. तिचा हात गरम होता.

"मी जाते गं," ती म्हणाली.

"का? थंडी वाजते? आता तर घर..."

"छे! एवढी ऊब मला जन्मात कधी मिळाली नाही."

"मग? काय कमी आहे इथे? बोल ना. तुझ्यासाठी सगळं केलंय मी. आणि तो, तो काय करतो तुझ्यासाठी? त्याला स्वतःचा मोजा सापडत नाही. पंपाचं एक बटण त्याला कळत नाही. चार दिवस तुला गारठवलं आणि वर शहाणपण शिकवतो. मठ्ठ माणूस आहे तो, आई. मठ्ठ! त्याला काही येत नाही!"

मला वाटलं आई आता त्याची बाजू घेईल. तसं बोलू नये, थोरला भाऊ आहे, वगैरे. मी उत्तरं तयार ठेवली होती.

आई म्हणाली, "हो गं. काहीच येत नाही त्याला. म्हणून तर."

तिने माझा हात थोपटला. 

मग म्हणाली, "तुला सगळं येतं. लहानपणापासूनच येत होतं. तुझ्या घरात मी सकाळी उठते तर सगळं झालेलं असतं. बसून बसून मी काय करू? उन्हात बसते, तर ऊनसुद्धा आपापलं सरकतं." मग जरा हसून, "तू हुशार आहेस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

माझं मत बदललं नाही. तो मठ्ठच आहे, आणि आईचं हे म्हणणंही मला मूर्खपणाचं वाटतं. राबण्याची सवय लागली की माणसाला बसणं म्हणजे शिक्षा वाटते, एवढंच. ऐंशी वर्षांच्या बाईने संधिवात घेऊन पुण्याच्या गार फरशीवर चहा करायला उठावं, कारण एक माणूस साठ वर्षांत गॅस पेटवायला शिकला नाही, यात मला काही थोर दिसत नाही. मी हे तिला सांगितलंही. तिने ऐकून घेतलं. दादा बोलतो तेव्हा लोक ऐकून घेतात, तसं.

तिच्या खुल्या तिकिटावर मीच तारीख टाकून दिली. दादाला विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ते जमत नव्हतं.

मस्कतला मी त्यांना सोडायला गेले. उतरताना दादा माझ्या शेजारी बसला होता आणि आपलंच म्हणणं शेवटी खरं ठरलं अशा सुरात बोलत होता. "मी म्हटलंच होतं, आईला इथली हवा मानवायची नाही." मी आरशात पाहिलं. आई मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. तिने त्याला खोडून काढलं नाही. मीही काढलं नाही.

विमानतळावर आईसाठी मी चाकांची खुर्ची मागवली होती. आई त्यात बसली. पासपोर्ट तपासायच्या रांगेपाशी दादा खिसे चाचपायला लागला. कोटाचे, पँटचे, पुन्हा कोटाचे.  "अगं आई, माझा पासपोर्ट!"

तो आईच्या मांडीवर होता. दोन्ही पासपोर्ट, दोन्ही बोर्डिंग पास, त्याची गोळ्यांची डबी, त्याचा चष्मा. सगळं तिने आधीच आपल्याकडे घेतलं होतं आणि त्या मोकळ्या झालेल्या बोटांनी घट्ट धरून ठेवलं होतं. तिने त्याचा पासपोर्ट उघडून, फोटोचं पान वर करून त्याच्या हातात दिला.

"हे असं धर," ती त्याला म्हणाली, आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला तिने पुढे चल अशी खूण केली. मी हात वर करून उभी होते. आईने मागे वळून बघितलं नाही. दादा भलत्याच रांगेत शिरत होता आणि ती त्याला हाक मारत होती.